चूकबाईचा लॅपटॉप

आमच्या कॉलेजात प्राध्यापकांना लॅपटॉप मिळाले त्या दिवसाचा फोटो अजून ऑफिसच्या भिंतीवर लटकतो आहे. प्राचार्य मधोमध, आजूबाजूला आम्ही सगळे, प्रत्येकाच्या हातात एकेक चकचकीत खोकं आणि चेहऱ्यावर फोटोग्राफरने मागितलं तेवढं हसू. खोकी रिकामी होती. लॅपटॉप यायचे होते, पण पाहुण्यांची तारीख आधीच ठरलेली, म्हणून नुसती खोकी मागवून घेतली. फोटो झाला, टाळ्या झाल्या आणि शिपायाने सगळ्यांकडून खोकी परत गोळा केली. मी तेव्हाच म्हणाले होते, हे प्रकरण आपल्या डोक्याला ताप होणार. पण माझं ऐकतो कोण!

त्या फोटोत उजवीकडून दुसरी, खोक्यावरची बारीक अक्षरं वाचण्यात गुंग झाल्यामुळे कॅमेऱ्याकडे न बघणारी जी बाई आहे, ती आमची चूकबाई. गणित शिकवते. हे नाव मुलांनी ठेवलं, प्रेमाने ठेवलं आणि तिला ते खऱ्या नावापेक्षा जास्त आवडतं. मी इतिहास शिकवते. आमच्या खोल्या शेजारी शेजारी, मध्ये पातळ भिंत, त्यामुळे तिच्या शिकवण्याबद्दल मला जेवढं ठाऊक आहे तेवढं कॉलेजात कुणालाच नाही. तिच्या बाबतीत जे झालं ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. म्हणून हे लिहायला बसले आहे.

आमच्याकडे पहिल्या वर्षाला एक तुकडी असते. शाळेत गणितात कसंबसं पास झालेली, गणित म्हटलं की पाचावर धारण बसणारी सगळी मुलं त्या एका खोलीत कोंबलेली असतात. कागदोपत्री तिला 'पायाभूत तुकडी' म्हणतात. स्टाफरूममध्ये काय म्हणतात ते मी लिहीत नाही. ही तुकडी आपल्या गळ्यात पडू नये म्हणून वेळापत्रक लागायच्या सुमारास गणिताच्या लोकांची पाठदुखी, आजारी सासू, लांबचं घर असं सगळं एकदम उपटतं. चूकबाई मात्र दरवर्षी स्वतःहून तीच मागून घेते. मोठे वर्ग द्या, नका देऊ, तिचं काही म्हणणं नसतं. पण ही तुकडी काढून घेतली तर आपण कॉलेजात कशाला यायचं, असं ती मला अगदी गंभीरपणे विचारते.

तिची शिकवण्याची तऱ्हा अशी. फळ्यावर सुंदर अक्षरात गणित सोडवायला घ्यायचं, आणि मध्येच एखादी पायरी मुद्दाम चुकीची लिहायची. तीन अधिक चार, या कंसाचा वर्ग म्हणजे तीनचा वर्ग नऊ, चारचा सोळा, मिळून पंचवीस. चेहऱ्यावर रेषासुद्धा हलत नाही. तशीच आणखी दोन ओळी पुढे जाणार, मग हाताचा खडू झटकत खिडकीबाहेर बघत उभी राहणार. सुरुवातीचे काही दिवस सगळी मुलं ते इमानेइतबारे उतरवून घेतात. मग एक दिवस कोपऱ्यातून दबका आवाज येतो, "मॅडम, पण तीन आणि चार सात होतात ना? सातचा वर्ग तर एकोणपन्नास." ती शाबासकी देत नाही, काही नाही. खडू त्याच्या हातात देते आणि म्हणते, "मग कर की नीट."

आणि गंमत म्हणजे, काही दिवस ती एकही चूक करत नाही. तरी तशीच थांबते. मुलं फळा वरपासून खालपर्यंत तपासून काढतात, आपापसांत भांडतात, शेवटी कबूल करतात की सगळं बरोबर आहे. चूक आहे की नाही हे ती कधीच आधी सांगत नाही, आणि तिच्या सगळ्या शिकवण्याचा जीव तिथेच आहे. मी दिवाळखोर राजांच्या कहाण्या सांगताना भिंतीपलीकडून "चुकलं, चुकलं!" असा गलका आला की माझी मुलं खुदुखुदू हसायची. मी किती वेळा त्या भिंतीवर डस्टर आपटलं असेल! आज वाटतं, तो गलका म्हणजे या इमारतीतला एकमेव जिवंत आवाज होता.

हे ती कुठे शिकली म्हणून विचारलं, तर ती तिच्या थोरल्या बहिणीकडे बोट दाखवते. दोघी एकत्र राहतात. दोन खोल्या, एक गॅलरी आणि पुस्तकांच्या ओझ्याने वाकलेलं एक टेबल. ताई शिवणकाम करते, तोंडाने फटकळ आहे आणि मला फार आवडते. शाळेत असताना ताईचं अक्षर मोत्यांसारखं होतं. फळ्यावरचं शब्दन् शब्द ती उतरवून घ्यायची, वही सगळ्या शाळेत फिरवून दाखवायचे. परीक्षेत आकडे बदलून आले आणि ताई कोरा कागद देऊन बाहेर आली. पुन्हा शाळेत गेलीच नाही. "मला उतरवायला सगळ्यांनी शिकवलं," ताई सुईत दोरा ओवता ओवता म्हणते, "हे चुकतंय का म्हणून विचारायला कुणी शिकवलं नाही. विचारलं असतं तर कान पिळला असता मेल्यांनी."

तर अशा बाईच्या हातात कॉलेजने लॅपटॉप दिला.

खरेखुरे लॅपटॉप आले ते सुट्टी लागता लागता. प्रत्येकावर कॉलेजचं स्टिकर, आणि उघडला की पडद्यावर प्राचार्यांचा हसरा फोटो. तो बदलायची सोय नव्हती. मी बदलायचा प्रयत्न केला, तर 'आपणास परवानगी नाही' असं उत्तर आलं. कॉम्प्युटर विभागाचा एक तरुण, त्याला आम्ही अ‍ॅडमिन म्हणायचो, आम्हाला शिकवायला आला. पासवर्डमध्ये एक मोठं अक्षर हवं, एक आकडा हवा, एक चिन्ह हवं, आणि दर महिन्याला तो बदलायचा. भौतिकशास्त्राच्या सरांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहून लॅपटॉपच्याच पोटाला चिकटवला. चूकबाईने हात वर करून विचारलं, "एवढे नियम घातले की शक्य पासवर्डांची संख्या वाढते की कमी होते?" अ‍ॅडमिनने घाम पुसला आणि पुढच्या मुद्द्यावर उडी मारली.

आता तुम्हाला वाटेल, जुनी शिक्षिका, यंत्राला घाबरली असणार. अजिबात नाही! घाबरले मी. ती तर आठवड्याभरात सगळं शिकली. एकदा मला घरी बोलावलं आणि टेबलावर लॅपटॉप ठेवून लहान मुलीसारखी बटण दाबायला लागली. "बघ, दाबलं की एक ओळ येते. पुन्हा दाबलं की दुसरी. अगं, हा फळाच आहे, फक्त धूळ उडत नाही." खडूच्या धुळीने तिला वर्षानुवर्षं खोकला होता. ताई म्हणाली, "चला, या डबड्यापायी हिचं खोकणं तरी थांबेल." त्या दिवशी मलाही वाटलं, कॉलेजने एक तरी काम बरं केलं.

त्याच सुट्टीत खोल्यांमधले फळे काढले. भिंती पांढऱ्या केल्या, छताला प्रोजेक्टर टांगले. दाराजवळ सूचना लिहायला वीतभर रुंदीची एक काळी फळी तेवढी ठेवली. आणि आदेश निघाला: सत्र सुरू होण्याआधी प्रत्येकाने आपले सगळे धडे स्लाइड करून कॉलेजच्या पोर्टलवर चढवायचे. वर्गात शिकवता तसेच, जसेच्या तसे.

"जसेच्या तसे?" तिने अ‍ॅडमिनला विचारलं. मी तिथेच होते.

"हो मॅडम, अगदी जसेच्या तसे. सरांनी तसंच सांगितलंय."

दुसरं कुणी असतं तर पुस्तकातलं डकवून मोकळं झालं असतं. आम्ही सगळ्यांनी तेच केलं. पण ही बाई सांगितलेलं काम सांगितल्याप्रमाणे करणारी. तिने सुट्टीभर बसून आपले धडे जसेच्या तसे तयार केले. सुंदर अक्षरातल्या ओळी, मध्ये ठरवून घातलेली चुकीची पायरी, पुढे आणखी दोन ओळी, आणि मग एक संपूर्ण कोरी स्लाइड. ती कोरी स्लाइड म्हणजे तिचं खिडकीबाहेर बघणं. तिथे मुलांनी बोलायचं होतं.

सत्र सुरू झालं. पहिले काही दिवस भिंतीपलीकडे शांतता, मग कुजबूज, आणि मग एका सकाळी ओळखीचा गलका! फळा गेला, पडदा आला, तरी "चुकलं!" तेच. सगळ्यात आधी ओरडली ती खिडकीजवळ बसणारी एक मुलगी. प्रवेशाच्या दिवशी हिने ऑफिसात विचारलं होतं की गणित सोडून दुसरं काही घेता येईल का. चूकबाई स्टाफरूममध्ये येऊन मला तिच्याबद्दल सांगत होती आणि सांगता सांगता तिचा चहा गार झाला.

आणि मग नोटीस आली.

आमच्याकडे गुणवत्ता कक्ष नावाची एक खोली आहे. तिथल्या प्रमुखांना आम्ही टक्केवारी म्हणतो, कारण ते "नमस्कार" सोडून बाकी सगळं टक्क्यांत बोलतात. या कक्षाने पोर्टलवरचे धडे बाहेरच्या कुणा तपासनीसांकडून तपासून घेतले होते. आमच्या डकवलेल्या स्लाइडना उत्तम शेरा. चूकबाईला कारणे दाखवा नोटीस! 'अध्यापन साहित्यात गंभीर स्वरूपाच्या गणिती चुका आढळल्या असून अनेक स्लाइड रिकाम्या आहेत. पायाभूत तुकडी आपल्याकडून का काढून घेऊ नये?' मी ते वाचलं आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ती मात्र पुन्हा पुन्हा शेवटची ओळच वाचत होती.

"चुका म्हणाले त्याचं मला काही नाही गं," ती म्हणाली. "चुका आहेतच. पण तुकडी काढतील?"

प्राचार्यांच्या केबिनमध्ये मी तिच्याबरोबर गेले. शिक्षकांची प्रतिनिधी म्हणून मला बसायचा हक्क होता, आणि नसता तरी मी बसले असते. भिंतीवर तिची स्लाइड लावलेली होती, तीन अधिक चार या कंसाचा वर्ग बरोबर पंचवीस, भोवती लाल वर्तुळ. दरोडेखोराचा फोटो लावावा तशी.

"मॅडम, तुमच्या साहित्यात सव्वीस टक्के त्रुटी आहेत," टक्केवारी म्हणाले.

"त्या त्रुटी नाहीत सर. त्या मी घातल्यात." आणि तिने सगळं समजावून सांगितलं. शांतपणे सांगितलं, मुलांना सांगते तसं. मुलं का गप्प बसतात, चूक सापडली की त्यांच्या अंगात बळ कसं येतं, कधीकधी चूक नसतेच ते का. कोऱ्या स्लाइडचंही सांगितलं.

टक्केवारी म्हणाले, "पण रिकाम्या स्लाइडला आमच्याकडे शून्य गुण आहेत."

"अहो, तिथे मुलं बोलतात!" मी न राहवून म्हटलं.

"ते पोर्टलवर कसं दिसणार?"

मी प्राचार्यांकडे पाहिलं. माणूस वाईट नाही. कधीकाळी चांगलं शिकवायचे म्हणतात. त्यांनी बोटं टेबलावर वाजवली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग त्यांचा चेहरा उजळला. "हे बघा, आपण मधला मार्ग काढू. मॅडमची पद्धत छान आहे, नवीन आहे. फक्त त्या चुकीच्या पायरीवर एक लाल पट्टी लावायची. 'ही पायरी चुकीची आहे' असं ठळक लिहायचं. म्हणजे पद्धतही राहिली आणि कक्षाचंही समाधान. आणि कोऱ्या जागी बरोबर उत्तर टाका. काय?"

टक्केवारींनी मान डोलावली. मी मात्र उडालेच. "सर, लपंडावात लपणाऱ्याच्या गळ्यात घंटा बांधायची का? सांगूनच टाकलं तर शोधायचं काय?"

"तुम्ही इतिहास शिकवता ना?" टक्केवारी म्हणाले.

मी इतिहास शिकवते! आणि मूर्खपणाचे किती मोठे मोठे मधले मार्ग इतिहासात पडून आहेत, ते मी त्यांना तिथल्या तिथे सांगणार होते. पण चूकबाईने टेबलाखाली माझा हात धरला.

"पट्ट्या लावल्या तर तुकडी राहील माझ्याकडे?"

"राहील की! आम्हाला काय तुमचं वाकडं करायचंय?"

"मग लावते," ती म्हणाली.

बाहेर आल्यावर मी तिच्यावरच तोंडसुख घेतलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हाती गेली तर ती मुलं पुन्हा नुसती उतरवत बसतील. मी असले तर निदान काहीतरी करीन." त्या रविवारी तिने घरी बसून पट्ट्या लावल्या. ताई मशीन बंद करून शेजारी बसली होती आणि प्रत्येक पट्टीला एकेक शिवी घालत होती.

त्यानंतर भिंतीपलीकडून आवाज यायचा बंद झाला. आधी मी म्हटलं, सवय व्हायला वेळ लागेल. मग म्हटलं, परीक्षा जवळ आली. पण शांतता हलेना. माझ्याच वर्गातली मुलं विचारायला लागली, "मॅडम, शेजारचा तास बंद आहे का?" गुणवत्ता कक्षाने मात्र तिला उत्तम शेरा दिला, आणि स्टाफरूमच्या फलकावर तिचं अभिनंदनही लावलं. ते वाचून ती न जेवता घरी गेली.

एक दिवस मला मोकळा तास होता. ती दारात आली आणि म्हणाली, "आज माझ्या तासाला मागे येऊन बस. मला एकटीला खात्री करून घ्यायची भीती वाटते."

मी शेवटच्या बाकावर बसले. तिने लॅपटॉप उघडलाच नाही. पर्समधून खडू काढला, दाराजवळच्या त्या वीतभर काळ्या फळीपाशी गेली आणि अक्षरं लहान करून लिहिलं: एक छेद दोन अधिक एक छेद तीन बरोबर दोन छेद पाच. वरचे वर मिळवले, खालचे खाली मिळवले. माझ्यासारख्या इतिहासवालीलाही दिसलं, की अर्ध्यात आणखी काही घातलं आणि ते अर्ध्याहून कमी झालं. तिने पुढे आणखी दोन ओळी लिहिल्या. मग खडू झटकला आणि खिडकीबाहेर बघत उभी राहिली.

पेनं चालत होती. कुणी मान वर करत होतं, फळीवर बघत होतं, पुन्हा खाली घालत होतं. ती थांबली. कुठलाही गणिताचा शिक्षक थांबणार नाही इतका वेळ थांबली. पेनं एकेक करून खाली ठेवली गेली, कारण उतरवून झालं होतं. मग मुलं शहाण्यासारखी हाताची घडी घालून पुढच्या ओळीची वाट बघत बसली.

शेवटी तीच खिडकीजवळच्या मुलीपाशी गेली. "तुला हे पटलं?"

मुलगी उभी राहिली. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "नाही, मॅडम."

"म्हणजे चूक दिसली होती तुला?"

"हो मॅडम. लगेच दिसली."

"मग बोलली का नाहीस?"

"लाल पट्टी नव्हती ना, मॅडम. मला वाटलं, माझंच चुकत असेल."

तास संपल्यावर चूकबाई सरळ स्टाफरूममध्ये गेली. लॅपटॉप उघडला, पासवर्ड घातला, पहिला धडा काढला आणि एकेक लाल पट्टी पुसायला लागली. पट्टी पुसायची, खालची कोरी स्लाइड पुन्हा घालायची, पोर्टलवर चढवायची. मी तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसले. केबिनमध्ये एवढा थयथयाट केलेली मी, पण त्या क्षणी मीच तिला आवरायला लागले.

"अगं, टक्केवारी उद्याच बघतील," मी म्हटलं. "तुकडी जाईल तुझ्या हातून."

"जाऊ दे."

"एवढी पट्ट्या लावायला तयार झालीस ती याच तुकडीसाठी ना?"

तिने हात थांबवला नाही. "ती मुलगी आली तेव्हा तिला गणित येत नव्हतं, म्हणून गप्प बसायची," ती म्हणाली. "आता तिला येतं, आणि तरी ती गप्प बसली. हे तिला मी शिकवलं."